धुऱ्यावर की धुरावर

तक्रार केली की दुरुस्ती होते, ही सुखरामजी लांजेवारांची श्रद्धा त्यांच्या देवावरच्या श्रद्धेपेक्षा थोडी जास्तच पक्की होती. यात त्यांचा दोष नाही. ज्या माणसाची सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, सेक्टरमधल्या क्वार्टरात राहून झाली, त्याला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. नळ गळू लागला, तक्रार लिहा. संडासाचं दार अडकलं, तक्रार लिहा. तक्रारीला एक नंबर मिळायचा आणि आज ना उद्या, फार तर दिवाळीपर्यंत, कोणीतरी पाना घेऊन दारात उभं राहायचं. प्लांटमधून रिटायर होऊन ते हुडको कॉलनीतल्या स्वतःच्या घरात आले, तिथे पहिल्यांदा नळ गळला, आणि तो आता आपल्यालाच दुरुस्त करायचा आहे हे लक्षात आलं, त्या दिवशी त्यांना आपण म्हातारे झालो असं वाटलं. नळ गळला त्याचं एवढं दुःख नव्हतं. सांगायला जागा उरली नाही याचं होतं.

अशा माणसाच्या मुलीने गाण्यात एक शब्द चुकवला, तर तो दुसरं काय करणार?

मुलीचं नाव मोना. बंगलोरला एका कंपनीत ती कॉम्प्युटरवर नेमकं काय करते, हे तिने त्यांना अनेकदा समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी अनेकदा मान डोलावली होती. रविवारी ती काय करते ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती गिटार घेऊन बसायची आणि सगळ्यांच्या ओळखीची गाणी आपल्या तऱ्हेने म्हणून इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर टाकायची. वरातीत नाचायचं गाणं ती इतकं हळू म्हणायची, की वऱ्हाड निघून गेल्यावर रिकाम्या मांडवात कोणी एकटंच बसलंय असं वाटावं. सुरुवातीला सुखरामजींना वाटलं, बाकीचे वाजवणारे त्या दिवशी आले नसतील. मग हळूहळू गोडी लागली. जन्मभर ऐकलेलं गाणं ढोल-ताशाशिवाय असं उघडंबोडकं समोर आलं की त्यातले शब्द नव्याने कळायचे. 'अरे, हे गाणं तर रडायचं होतं, आपण त्यावर नाचलो,' असं त्यांना कितीदा तरी वाटलं.

ऐकण्याची त्यांची एक पद्धत होती. व्हिडिओ असला तरी ते फोन कानाला लावून बसत.

"अजी, थे पाह्याचं असते," सिंधुताई म्हणत. "कानाले कावून लावता?"

सुखरामजी फोन दुसऱ्या कानाला लावत. कानाला लावला की मोनाचा फोन आल्यासारखा वाटतो, हे बायकोला कसं सांगायचं? मोनाचा खरा फोन म्हणजे जेवले का, गोळी घेतली का, चला बाबा मीटिंग आहे. ती दोन दिवाळ्या आली नव्हती. पहिल्या दिवाळीला सुटी नव्हती, दुसऱ्या दिवाळीला तिकीट नव्हतं, आणि तिसरीबद्दल विचारायची सुखरामजींची हिंमत नव्हती. गाणं मात्र चांगलं चार-पाच मिनिटं चालायचं, आणि त्यात मीटिंग यायची नाही.

एका रविवारी तिने रोवण्याचं गाणं टाकलं. साकोलीकडच्या त्यांच्या गावात धान लावताना चिखलात वाकलेल्या बाया म्हणत ते. सुखरामजींची आई म्हणायची. पुढे मोनाला झोपवताना सुखरामजी म्हणायचे, कारण त्यांना दुसरं गाणंच येत नव्हतं. सासरी राबणाऱ्या लेकीला बाप न्यायला येणार आहे आणि ती वाट बघतेय, एवढीच त्यातली गोष्ट:

*बांधीबांधीनं पाणी चाले गे, पाणी चाले,*
*धुऱ्यावर लागले डोये, बाप कई येईन?*

कई म्हणजे कधी, बांधी म्हणजे धानाच्या शेतातला एकेक वाफा आणि धुरा म्हणजे शेताची मेर, जिच्यावरून माणूस चालत येतो. पहिल्या ओळीलाच सुखरामजींना आईचे चिखलाने माखलेले पाय दिसले आणि त्यांचे डोळे भरले. दुसऱ्या ओळीला डोळे भरलेलेच राहिले, पण कपाळावर आठी आली. मोना म्हणत होती, "धुरावर लागले डोये."

त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा धुरावर.

"अवं," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं, "पोट्टी धूर म्हणून राहिली."

"कुठं धूर?" म्हणत सिंधुताई गॅसकडे धावल्या.

गॅस बंद असल्याची खात्री झाल्यावर प्रकरण त्यांना समजावून सांगण्यात आलं. त्यांचं मत साधं होतं. पोरीला फोन करा आणि सांगा. सुखरामजींनी फोन केला. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण पलीकडून मोनाने आधीच विचारलं, "कसं वाटलं बाबा? सच सच बताओ." किती तरी महिन्यांनी तिने गोळीशिवाय दुसरं काही विचारलं होतं. त्या आवाजापुढे सुखरामजींचं जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"बढिया," ते म्हणाले.

आता तोंडी नाही जमलं तर लेखी. त्यांनी गाण्याखाली शेरा लिहायला घेतला. पण त्यांच्या फोनला धुरा हा शब्द मान्य नव्हता. कसंही दाबलं तरी तो स्वतःच्या मनाने सुधारणा करायचा. तासभर झटापट करून, चष्मा न लावता, सुखरामजींनी जे पाठवलं ते असं होतं: "मोना बेटा, धुरावर नाही, धुरावर." त्याखाली कोणीतरी लिहिलं, "अंकलजी, गहरी बात." आणखी एकाने हात जोडले. मोनाने लाल बदाम पाठवला. सुखरामजींना अपमान वाटला, पण नक्की कोणी केला ते सांगता येईना.

मग त्यांनी प्रेमानंदला विचारलं, ही दुसरी चूक. प्रेमानंद त्यांच्याच बाजूचा, पवनीचा, प्लांटमध्ये बरोबर होता आणि आता हुडकोतल्या भजन मंडळाची पेटी वाजवायचा. त्याने डोळे मिटून गाणं ऐकलं आणि म्हणाला, "धुरा म्हंजे जबाबदारी, भाऊ. पेपरात येते ना, अध्यक्षपदाची धुरा."

"अबे, बाई चिखलात रोवणा करून राहिली. थ्या बाईले कोनं अध्यक्ष केलं?"

"अध्यात्म आहे थे. तुले नाई समजाचं."

पुढच्या गुरुवारी मंडळाने ते गाणं मृदंगावर घेतलं. त्यात बापाचा देव झाला होता, बांधीचा संसार झाला होता आणि धुऱ्याची जबाबदारी झाली होती. वाईट म्हणजे ते ऐकायला छान वाटलं. सुखरामजींनी मागे बसून टाळ्याही वाजवल्या. त्या गाण्याला कुठलेही कपडे घाला, त्याला शोभायचे. म्हणून तर त्यांना काळजी होती. चुकीचे कपडेही शोभले तर उघडं कोण पाडणार?

काळजी खरी ठरली ती जवळच्या जुनवानी वस्तीत. प्लांटमधल्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाचं, प्रफुलचं, लग्न होतं. वरात निघाली, डीजेच्या गाडीवरून काही वेळ नेहमीची धडधड चालली, आणि अचानक त्या धडधडीतून मोनाचा आवाज आला. कोणीतरी तिच्या गाण्याचं रिमिक्स केलं होतं. सुखरामजी जागच्या जागी थबकले. एवढ्या मोठ्या आवाजात पोरगी त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून सांगितलं, "माई पोरगी हाय थे." एवढ्यात ओळ आली. रिमिक्स करणाऱ्याने नेमका तोच शब्द उचलला होता. "धुरावर, धुरावर, धु-धु-धुरावर," आणि दर वेळी डीजेवाला गाडीवरच्या मशीनमधून पांढऱ्या धुराचा लोट सोडत होता. पोरं किंचाळून नाचत होती. सुखरामजी त्या लोटात खोकत उभे होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "धूर नाही, धुरा. खेत की मेड." नवरदेवाच्या मामाने त्यांना दम्याचा त्रास असावा असं समजून खुर्ची आणून दिली.

आता गोष्ट घरातली राहिली नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या सुखरामजींनी निश्चय केला, की याची रीतसर तक्रार झाली पाहिजे.

तक्रारींच्या बाबतीत त्यांचा शेजारी धर्मेंद्र साहू म्हणजे अख्ख्या हुडकोचा आधार. एके काळी युनियनमध्ये होता. नाली, कुत्री, खांबावरचा दिवा, आणि एकदा तर समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी, असं काहीही त्याने सोडलं नव्हतं.

"का होगे भैया?" त्याने विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. "मुँहजबानी की कोई क़ीमत नहीं होती. लिखित में देंगे."

गाणं ज्या कंपनीकडे ठेवलेलं असतं तिच्या तक्रारीचा कागद धर्मेंद्रने फोनवर काढला. तो इंग्रजीत होता. तक्रारीचे प्रकार बरेच दिले होते. मारामारी, शिवीगाळ, फसवणूक. शब्द चुकला असा प्रकार कुठेच नव्हता. शेवटी धर्मेंद्रला एक जवळपासचा सापडला, तो म्हणजे माझी वस्तू मला न विचारता वापरली.

"वस्तु आपकी है ना?"

"आमच्या मायचं गाणं हाय."

"मतलब आपका. वारिस हुए आप." आणि मालकाच्या जागी त्याने सुखराम लांजेवार असं लिहून टाकलं. खाली एक मोठी सूचना होती. धर्मेंद्र म्हणाला, सूचना सगळ्याच कागदांवर असतात. बटण सुखरामजींनी स्वतःच्या बोटाने दाबलं. लगेच नंबर आला. किती वर्षांनी नंबर आला होता. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

आणि काम झालं की. दोन-तीन दिवसांत त्यांनी कानाला फोन लावला, तर गाणं नव्हतं. त्या जागी एक काळी चौकट होती.

"नेलं वाटते दुरुस्तीले," ते सिंधुताईंना म्हणाले. सेक्टरमध्येही पंखा बिघडला तर आधी उतरवून न्यायचे, छताला नुसता हूक राहायचा. पंखा यायला वेळ लागायचा, पण यायचा. सुखरामजी काळ्या चौकटीकडे बघत निवांत बसले.

त्याच दिवशी संध्याकाळी मोनाचा फोन आला. 'जेवले का' नाही, 'गोळी घेतली का' नाही. ती रडत होती.

"बाबा, किसी ने कंप्लेंट मारी है. गाणं काढून टाकलं त्यांनी. अजून असं झालं ना, तर पूर्ण चॅनल बंद करतील. मी इथे एवढंच तर करते बाबा, रविवारचं. आणि सुनो, नाव काय दिलंय माहीत आहे? सुखराम लांजेवार! तुमच्या नावाने कोणी फ्रॉड करून राहिला. तुम्ही कोणाला ओटीपी तर नाही दिला?"

"ओटीपी नाई दिला," सुखरामजी म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

"मी सायबरवाल्यांकडे जाणार आहे," मोना म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुखरामजींनी त्या संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. पोरीकडे परक्या गावात स्वतःचं असं एकच काही होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसलं होतं. ते धर्मेंद्रकडे गेले. तक्रार परत घ्यायची म्हटल्यावर धर्मेंद्र गोंधळला. सारी उमर त्याने तक्रारी घातल्या होत्या, परत एकही घेतली नव्हती.

"ऐसा करते हैं," तो विचार करून म्हणाला, "एक दूसरी शिकायत डालते हैं. सुखराम लांजेवार के ख़िलाफ़."

"अरे, थो मीच हाय ना."

"तो क्या हुआ? जाँच तो बैठेगी."

तिथून सुखरामजी उठले. तक्रार परत घेण्याचा कागद त्यांनी घरी स्वतःच उघडला, तर तिथे पहिलाच प्रश्न होता, आपण या गाण्याचे मालक आहात काय? हो म्हणावं तर खोटं वाटत होतं आणि नाही म्हणावं तर आधीचं खोटं ठरत होतं. त्यांनी गावी थोरल्या बहिणीला, पंचफुलाबाईला, फोन लावला.

"मालक?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "रोवण्याच्या गान्याले मालक असते का रे? माय दुसऱ्या बायाईकून शिकली. थ्या कोनाकून शिकल्या, थ्याईलेच माईत."

"पन शबद त धुऱ्यावरच हाय ना, बाई?"

"धुऱ्यावरच. पन ज्या साली पान्याची नहर आली ना, त्या साली आमी नहरावर म्हनत होतो. नहरावर लागले डोये. साऱ्या बाया पान्याचीच वाट पाहून राहिल्या होत्या, बापाले कोन पुसते?" त्या हसल्या. "तुले काय माईत? तू त धुऱ्यावर बसून आंबील पेत होता."

आपण ज्या शब्दासाठी जुनवानीभर खोकलो, तो बाया दर सालाच्या गरजेप्रमाणे बदलत होत्या, हे ऐकून सुखरामजींना जरा फसवल्यासारखंच वाटलं. पण तो विचार करायला वेळ नव्हता. मोना सायबरवाल्यांकडे पोचण्याआधी आरोपीने हजर होणं भाग होतं. रविवारी सकाळी सिंधुताईंनी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "सांगा," त्या म्हणाल्या आणि समोरच उभ्या राहिल्या.

"मोना," सुखरामजी म्हणाले, "थो फ्रॉड मीच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. धुरा, फोनची मनमानी, प्रेमानंदचं अध्यात्म, डीजेचा धूर, धर्मेंद्रचं बटण. मध्ये एकदा मोना हसल्यासारखं वाटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "धुरा म्हणजे शेताची मेड? मला तर कोणी सांगितलंच नाही, बाबा. मला वाटलं, धूर. प्लांटचा."

"प्लांटचा?"

"तुमची बी शिफ्ट असली की तुम्ही दुपारी जायचे, आणि मी झोपेपर्यंत यायचेच नाही. मी आईला विचारायची, बाबा कई येईन? आई मला मागच्या अंगणात न्यायची आणि प्लांटच्या चिमण्या दाखवून म्हणायची, थो धूर दिसते ना, त्याच्या खाली बाबा आहे. मग मी धुराकडे बघत बसायची. आणि तुम्ही घरी असले की नेमकं तेच गाणं म्हणायचे. धुरावर लागले डोये, बाप कई येईन. मला वाटायचं, बाबांना कसं कळलं? मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठीच बनवलं."

सुखरामजींनी सिंधुताईंकडे पाहिलं. त्या पदराने उगाच टेबल पुसत होत्या. इतकी वर्षं त्यांची समजूत होती, की शिफ्टमधून आल्यावर झोपलेली दिसते ती पोरगी सुखाने झोपलेली असते. वाट बघून बघून झोपलेली असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यातच, लाज वाटावी इतका, आनंदही झाला. आपली एवढी वाट कोणी पाहिली होती.

मोनाच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी कागद भरला. मालक आहात काय, या प्रश्नाला 'नाही' लिहिलं. तिने सांगितलं, गाणं परत यायला काही दिवस लागतील.

"तवरिक मले ऐकव ना," सुखरामजी म्हणाले.

"गिटार मैत्रिणीकडे आहे."

"असू दे. तशीच म्हण."

मोनाने घसा साफ केला. नुसत्या गळ्याने तिने पहिली ओळ म्हटली; त्यांच्या आईकडे तरी कुठे गिटार होती! दुसऱ्या ओळीशी ती थांबली, आणि शाळेतल्या पोरीसारखं जपून, एकेक अक्षर सांभाळत म्हणाली, "धुऱ्यावर लागले डोये."

"असं नाई," सुखरामजी म्हणाले. "धुरावर म्हण."

"पण बाबा, तुम्हीच तर..."

"धुरावरच म्हण. बरोबर हाय थे."

तिने पुन्हा सुरुवात केली. बांधीबांधीनं पाणी चाललं, धुरावर डोळे लागले, आणि मग ते शेवटचे तीन शब्द आले, जे सुखरामजींनी आयुष्यभर म्हटले होते आणि एका चुकीच्या शब्दाच्या नादात या वेळी धड ऐकलेही नव्हते. त्या गाण्यात लेक कुठे येत नाही. वाट लेक बघते, आणि धुऱ्यावरून चालत यायचं असतं बापाने. सुखरामजी मात्र दोन दिवाळ्या हुडकोच्या घरात दाराकडे बघत बसले होते. मोनाचा आवाज शेवटाला वर चढला.

"बाप कई येईन?"

"शनवारी," सुखरामजी म्हणाले.

रिझर्वेशन काढलेलं नव्हतं, आणि बंगलोरची गाडी शनिवारी असते की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.